सोलापूरच्या सरकारी शाळांत नागरिकशास्त्र : पालक, शिक्षक आणि समिती सदस्य नेहमी विचारतात ते प्रश्न

जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेच्या शाळांत नागरिकशास्त्र नीट शिकवले जावे म्हणून काय करता येते, अर्ज कोणाला द्यायचा, शाळेत काय घडवायचे आणि गाडी कुठे अडते, याविषयी वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मुलाने वर्षभरात एक खरा प्रश्न एका खऱ्या कार्यालयाला विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर वाचावे. एवढे झाले तर धडा समजला. बाकीची सगळी खटपट त्यासाठीच.

नागरिकशास्त्र हा वेगळा विषय आहे का? त्याला गुण किती?

तिसरी ते पाचवीत तो परिसर अभ्यासात मिसळलेला असतो. सहावी ते आठवीत ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ असे एकच पुस्तक असते. नववी-दहावीत त्याचे नाव राज्यशास्त्र होते. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० अशी विभागणी आहे. त्या ४० पैकी राज्यशास्त्राच्या वाट्याला साधारण १२ गुण येतात. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत, म्हणून यंदाचे पुस्तक उघडून अनुक्रमणिका स्वतः पाहा.

मग हा विषय मागे का पडतो?

कारण पुस्तकात तो मागेच छापलेला असतो. आधी इतिहासाचे धडे, मग नागरिकशास्त्राचे. शिक्षक पहिल्या पानापासून सुरुवात करतात, इतिहासातच बहुतेक सत्र संपते आणि उरलेले धडे परीक्षेआधी दोन-तीन तासिकांत ‘वाचून’ संपवले जातात. सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायत, महानगरपालिका आणि जिल्हा प्रशासन यांवर धडे आहेत. म्हणजे मुलाच्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा भागच घाईत उरकला जातो. उपाय साधा आहे. दर आठवड्याच्या इतिहासाच्या तासिकांपैकी एक ठरावीक वारी नागरिकशास्त्राला द्यायची आणि वेळापत्रकावर तसे लिहायचे. ‘इ. ना.’ असे मोघम लिहिले की ती तासिका इतिहासच खातो.

आमच्या शाळेत तासिका खरोखर होते की नाही, हे कसे कळेल?

मुलाची वही पाहा. नोव्हेंबर उजाडला तरी नागरिकशास्त्राचे एकही पान नसेल तर उत्तर मिळाले. शिक्षकांवर थेट आरोप करू नका. आधी वर्गाचे वेळापत्रक आणि वार्षिक नियोजन पाहायला मागा. ते शाळेत असतेच.

मागणी नेमकी कोणाकडे करायची?

इथे बहुतेकांचा वेळ वाया जातो. अभ्यासक्रम बदलणे मुख्याध्यापकांच्या हातात नसते आणि वेळापत्रक बदलायला मंत्रालयात जावे लागत नाही. अभ्यासक्रम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ठरवते, पुस्तके बालभारती काढते आणि दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेते. सोलापूर जिल्हा त्याच्या पुणे विभागात येतो. तासिका, सहशालेय उपक्रम, भेटी आणि बालमंत्रिमंडळ या गोष्टी मात्र शाळेतच ठरतात.

म्हणून पहिली पायरी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे ‘केंद्रा’चे प्रमुख), पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). माध्यमिक शाळा असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). शहरातल्या महापालिका शाळेसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाचे प्रशासनाधिकारी आणि त्यांच्यावर आयुक्त. शहरातला पालक पंचायत समितीत गेला तर अर्ज ‘आमच्या कार्यक्षेत्रात नाही’ म्हणून परत येतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मागणी असेल तर ती वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, शक्यतो केंद्राच्या शिक्षण परिषदेत ठराव करून पाठवावी.

शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय कसा मांडायचा?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. कलम २९ म्हणते की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असावा. तेव्हा नागरिकशास्त्राचा विषय समितीत आणणे म्हणजे मुख्याध्यापकांच्या कामात लुडबूड नव्हे, ते समितीचेच काम आहे.

बैठकीच्या किमान आठ दिवस आधी सदस्य-सचिवांना म्हणजे मुख्याध्यापकांना एक ओळीचा विषय लेखी द्या आणि तो विषयपत्रिकेत घालायला सांगा. ‘आयत्या वेळचे विषय’ यात तो आला तर चहा येईपर्यंत चर्चा होते आणि इतिवृत्तात त्याचा मागमूस राहत नाही. बैठकीत एकच ठराव मांडा आणि त्यात वार, इयत्ता आणि जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख असू द्या. ‘नागरिकशास्त्राला महत्त्व द्यावे’ असा ठराव सगळे टाळ्या वाजवून मंजूर करतात आणि विसरतात. ‘सहावी ते आठवीला दर बुधवारी चौथी तासिका नागरिकशास्त्राची राहील’ असा ठराव पुढच्या महिन्यात तपासता येतो.

सर्वांत मोठी अडचण अशी की कित्येक ठिकाणी समिती कागदावरच असते. सह्यांची वही घरोघर फिरते आणि बैठक ‘झाली’ असे होते. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर जाणाऱ्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या पालकांना सकाळी अकराची बैठक जमतच नाही. बैठक सायंकाळी किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घ्या. आम्ही हे ठासून सांगतो, कारण आयांना बोलता येईल अशा वेळी बैठक झाली की पुढचे निम्मे काम सोपे होते.

अर्जात काय लिहावे?

एक पान पुरे. वरती कोणाला, मग विषय, मग तीन परिच्छेद : सध्या काय आहे, काय हवे आहे, कधीपर्यंत हवे आहे. नमुना :

‘विषय : इयत्ता ६ वी ते ८ वीसाठी नागरिकशास्त्राची साप्ताहिक तासिका निश्चित करणेबाबत. महोदय, आपल्या शाळेच्या वेळापत्रकात इतिहास व नागरिकशास्त्र यांची तासिका एकत्र दाखवली आहे. त्यापैकी आठवड्यातून एक तासिका नागरिकशास्त्रासाठी स्वतंत्र दाखवावी, ही विनंती. पुढील मासिक बैठकीपूर्वी झालेली कार्यवाही कळवावी.’

खाली पाच-सहा पालकांच्या सह्या घ्या. दोन प्रती काढा आणि एकीवर आवक शिक्का, दिनांक व आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे धरून चाला.

उत्तर आलेच नाही तर?

महिनाभर थांबून त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देत स्मरणपत्र द्या. तरी काही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘का केले नाही’ असे विचारू नका, कारण कायद्याने माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. ‘अमुक दिनांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत’ आणि ‘चालू वर्षाच्या समिती बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती’ असे कागद मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे जावे का असेही विचारले जाते. तिथे वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारी घेतात. शाळेच्या तासिकेची मागणी तिथे सहसा बसत नाही.

बालमंत्रिमंडळाची निवडणूक खऱ्यासारखी कशी घ्यायची?

बहुतेक शाळांत बालमंत्रिमंडळ असते, पण ते गुरुजींनी निवडलेले. हुशार मुलगा मुख्यमंत्री, वळणदार अक्षराची मुलगी सांस्कृतिक मंत्री, आणि स्वच्छता मंत्री बहुधा मुलगीच. अशा निवडीतून मूल एवढेच शिकते की पद वरून मिळते. निवडणूक घ्या. १२० पटाच्या शाळेला दहा दिवस आणि शंभर-दोनशे रुपये पुरतात.

पहिल्या दिवशी अधिसूचना फलकावर लावा. त्यात पदे, तारखा आणि नियम लिहा. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून वर्गवार मतदारयादी करून भिंतीवर लावा आणि हरकतींना एक दिवस द्या. एक-दोन नावे मुद्दाम गाळली तर मुलांना यादी तपासण्याचे महत्त्व आपोआप कळते, फक्त ती नावे नंतर आठवणीने घाला. चौथ्या दिवशी उमेदवारी अर्ज, एक सूचक आणि एक अनुमोदक. पाचव्या दिवशी छाननी व माघार. मग तीन दिवस प्रचार. खाऊ वाटायचा नाही, आणि भाषण दोन मिनिटांचे, ज्यात ‘मी काय करीन’ आणि ‘त्यासाठी कोणाची परवानगी लागेल’ या दोन्ही गोष्टी आल्याच पाहिजेत. दुसरी अट महत्त्वाची आहे. तिच्यामुळे ‘रोज खेळाचा तास देईन’ असली आश्वासने आपोआप गळतात.

चिन्हे लहान मुलांना ओळखता येतील अशी द्या. घड्याळ, पंजा, कमळ, धनुष्यबाण, मशाल, तुतारी ही मात्र नकोत. एका कागदाच्या चार मतपत्रिका होतात, म्हणून १२० मतदार आणि दहा जादा यांसाठी ३३ कागद लागतील. शेवटच्या ओळीत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ठेवा. एका मतदाराला अर्धा मिनिट धरला तर एका केंद्रावर तास लागतो, म्हणून दोन केंद्रे करा. खोक्याचा आडोसा, बोटाला मार्करची खूण, आणि मोकळी पेटी मतदानाआधी सगळ्यांना दाखवून मगच सील.

मोजणीत आधी एकूण मतपत्रिका मोजा आणि वाटलेल्या संख्येशी जुळवा. बाद मत कशाला म्हणायचे हे मतदानाआधी लिहून ठेवलेले असावे, नाहीतर भांडण ठरलेले. समान मते पडली तर चिठ्ठी टाका. खऱ्या निवडणुकीतही तसेच करतात.

खरी कसोटी निकालानंतर लागते. मंत्र्याला काम नसेल तर महिन्याभरात बिल्ला हरवतो. प्रत्येक खात्याला एक वही आणि एक अधिकार द्या. उदाहरणार्थ, पाणी मंत्री दर महिन्याला टाकी धुतल्याची तारीख विचारणारे पत्र मुख्याध्यापकांना देईल आणि त्यांनी सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचे. पंधरवड्यातून एकदा शनिवारी शेवटच्या तासिकेला प्रश्नोत्तराचा तास ठेवा.

सोलापूरची कोणती उदाहरणे वर्गात चालतात?

भरपूर. आम्ही पाणी सर्वांत आधी घेतो. शहराला उजनी धरण, हिप्परग्याचा एकरूख तलाव आणि टाकळी बंधारा इथून पाणी येते आणि नळ काही दिवसांआड सुटतो. सहावी-सातवीच्या मुलांना वहीत चार रकाने आखायला सांगा : तारीख, पाणी आले ती वेळ, गेले ती वेळ, दाब. चार आठवडे नोंद करा. वेगवेगळ्या पेठांतली आणि हद्दवाढ भागातली मुले असतील तर वह्या एकमेकांशी ताडून पाहा. मग विचारा : धरण कोणाच्या ताब्यात, पाइपलाइन कोणाची, आणि वॉल्व्ह फिरवणारा कोणाच्या हाताखाली? जलसंपदा विभाग राज्याचा आणि वितरण महापालिकेचे, हा फरक मुलांना इथे पहिल्यांदा दिसतो. शेवटी महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला मुलांनीच एक पत्र लिहायचे, पालकाची सही घेऊन. उत्तर आले तर ते वर्गात वाचायचे. नाही आले तर स्मरणपत्र कसे लिहितात तोही धडाच.

दुसरे उदाहरण प्रशासकाचे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. पुस्तकात ‘पाच वर्षांनी निवडणूक होते’ असे वाचणाऱ्या मुलाने ‘मग आपल्याकडे नगरसेवक का नव्हते?’ असे विचारले तर तो प्रश्न दाबू नका. उत्तर देताना राज्य निवडणूक आयोग आणि भारत निवडणूक आयोग वेगळे आहेत हे सांगा. ग्रामपंचायत ते महापालिका निवडणुका पहिला घेतो, विधानसभा-लोकसभा दुसरा. हा घोळ शिक्षकांचाही होतो.

तिसरे, १९३०. त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला, मे महिन्यात शहरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यापाशी दरवर्षी हार घातला जातो. सातवीत मूलभूत हक्क शिकवताना मात्र याकडे वेगळ्या बाजूने पाहा : लष्करी कायद्यात सामान्य माणसाचे कोणते हक्क गेले? सभा, वृत्तपत्र, वकील, अपील. आज त्यातला प्रत्येक हक्क संविधानाच्या कोणत्या कलमात आहे ते मुलांना शोधू द्या.

दहावीच्या ‘सामाजिक व राजकीय चळवळी’ या धड्याला कुंभारीची विडी कामगारांची घरकुले जोडता येतात. अनेक मुलांच्या आज्या त्या घरकुलांसाठीच्या मोर्चांत गेलेल्या आहेत, मुलाखत घरीच मिळते.

संविधानाची उद्देशिका रोज परिपाठात वाचतो. ते पुरेसे नाही का?

राज्यात २६ जानेवारी २०२० पासून शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू झाले, ते चांगलेच आहे. पण ‘सार्वभौम’ किंवा ‘बंधुता’ म्हणजे काय असे विचारले की पाठ असलेली मुलेही गप्प होतात. आठवड्याला एक शब्द घ्या आणि त्यावर शाळेतलाच प्रसंग विचारा. ‘दर्जाची समानता’ या शब्दांच्या आठवड्यात मुलांनी शालेय पोषण आहाराची रांग, बसायच्या जागा आणि झाडू कोणाच्या हातात असतो ते पाहायचे. चर्चा आपोआप होते.

महापालिका, ग्रामपंचायत, न्यायालय अशा भेटी कशा ठरवायच्या?

किमान तीन आठवडे आधी पत्र द्या आणि त्यात इयत्ता, संख्या, तारीख, वेळ आणि सोबत येणारे शिक्षक लिहा. एका वेळी तीस-पस्तीसपेक्षा जास्त मुले नेऊ नका, मागच्यांना काही ऐकू येत नाही. पालकांची लेखी संमती घ्या. भेटीआधी प्रत्येक गटाने तीन प्रश्न लिहून तयार ठेवायचे. नाहीतर भेट म्हणजे साहेबांचे भाषण आणि एक फोटो एवढेच उरते. मुलांचे फोटो पालकांना न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नका.

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जानेवारीच्या मध्याला गड्ड्याची यात्रा असते, त्या आठवड्यात शहरात काही ठरवू नका. मार्चपासून ऊन आणि सकाळची शाळा. पंढरपूर परिसरात आषाढीच्या आसपासचे दिवस सोडाच.

गावात सर्वांत सोपी गोष्ट ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला त्या घेण्याची पद्धत आहे. २६ जानेवारीला झेंडावंदनाला मुले येतातच, त्यांना अर्धा तास ग्रामसभेत बसवा. त्याआधी बालसभा घेऊन त्यांची एक मागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या, म्हणजे ती इतिवृत्तात येईल.

कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमांच्या शाळांसाठी साहित्य मिळते का?

बालभारतीची पुस्तके या तिन्ही भाषांत निघतात. अडचण पुढच्या कागदांची होते : अर्जाचा नमुना, ग्रामपंचायतीची नोटीस, महापालिकेची पावती हे सगळे मराठीत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या शाळांत तर रोजचेच. म्हणून या शाळांत वीस-पंचवीस शब्दांची दुभाषी यादी भिंतीवर लावा. ठराव, हरकत, आवक, मुदत, अपील असे शब्द तिच्यात हवेत. मुलाची संकल्पना त्याच्या भाषेत पक्की व्हावी आणि अर्ज त्याला मराठीत लिहिता यावा.

राजकारण शाळेत शिरते अशी तक्रार आली तर?

ही भीती खरी आहे आणि तिचे उत्तर आधीच तयार हवे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनुसार पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही. शिक्षकाने पक्षाचे नाव घेऊन मत देऊ नये, पण पक्षपद्धती कशी चालते हे शिकवणे पुस्तकातच आहे. वादाचा विषय असेल तर दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रे वर्गात आणा आणि बाजू चिठ्ठी काढून वाटून द्या. आचारसंहितेच्या काळात लोकप्रतिनिधी, उमेदवार यांना शाळेत बोलावू नका. पाहुणे नेहमी संस्थेच्या पत्राने बोलवा, ओळखीने नको.

बाहेरचे कोणी शिकवायला येऊ शकते का? पैसे लागतात?

जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र दिले की शाळेत कायदेविषयक शिबिर विनामूल्य होते. विषय तुम्हीच सुचवा, नाहीतर तेच तेच भाषण होते. नववी ते बारावीसाठी निवडणूक आयोगाची मतदार साक्षरता मंडळे आहेत. बाकी खर्च कागद, खोकी आणि मार्कर यांचा. तो शाळेच्या अनुदानातून करायचा असेल तर शाळा विकास आराखड्यात तशी ओळ हवी, म्हणून डिसेंबरच्या बैठकीतच ती घालून घ्या. संविधानाची एक मराठी प्रत वाचनालयात असू द्या, कपाटात कुलपाखाली नको.

दोन शिक्षकी शाळेत एवढे सगळे कोण करणार?

सगळे करूच नका. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक काम देण्यास मनाई करते, तरी माहिती भरण्याचा बोजा प्रत्यक्षात किती असतो हे आम्हाला ठाऊक आहे. अशा शाळेने पाण्याची वही आणि निवडणूक एवढेच घ्यावे. बहुवर्ग अध्यापनात दोन्ही चालतात : मोठी मुले मोजतात, लहान मुले चिन्हे रंगवतात. ऊसतोडीला पालकांबरोबर जाणारी मुले दिवाळीनंतर नसतात, म्हणून निवडणूक ऑगस्टमध्येच घ्या. त्यांचेही मत पेटीत पडले पाहिजे.

आमचा मुलगा खासगी अनुदानित शाळेत आहे. हे तिथे लागू होते का?

पुस्तक तेच, त्यामुळे वर्गातले सगळे लागू. फरक समितीचा : अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्ला देण्याची असते आणि विनाअनुदानित शाळेला ती बंधनकारक नाही. तिथे पालक-शिक्षक संघात विषय मांडा. अर्ज मात्र वर दिला तसाच, आणि शिक्का घेऊनच.